दोनशे वाक्प्रचार पाठ आहेत, पण वापरायची भीती वाटते

मागच्या व्याख्यानात आपण मराठी म्हणींविषयी बोललो. शेवटी वेळ संपत आली असताना मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, ‘इंग्रजी वाक्प्रचार शिकायचे कसे? माझे दोनशे पाठ झालेत, पण बोलताना एकही वापरायचं धाडस होत नाही.’ तेव्हा आम्ही ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून सुटका करून घेतली. आजचं सगळं व्याख्यान त्या प्रश्नावर आहे. आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, तिची भीती बरोबर आहे. चूक तिच्या हातातल्या यादीत आहे.

ही यादी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असणार. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ. शाळेच्या गाइडात असते, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात असते, आता मोबाइलवरही फिरते. या व्याख्यानासाठी आम्ही मुद्दाम अप्पा बळवंत चौकात जाऊन चार वेगवेगळी पुस्तकं घेतली आणि त्यांतल्या याद्या शेजारीशेजारी ठेवून वाचल्या. चारही जणी सख्ख्या बहिणी निघाल्या. तेच वाक्प्रचार, जवळजवळ तोच क्रम, आणि दोन पुस्तकांत तर छपाईची चूकसुद्धा तीच! म्हणजे एकानं दुसऱ्याचं उतरवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. मूळ यादी कुणी केली, कधी केली, कुठल्या इंग्रजीवरून केली, कुणास ठाऊक.

आम्ही हे वरून बोट दाखवत बोलत नाही, हं. आम्ही वर्गावर होतो तेव्हा हेच केलं. रोज पाच वाक्प्रचार फळ्यावर, दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. पोरांना मार्क मिळत होते, आम्हाला समाधान मिळत होतं. त्यामुळे ही टीका थोडी आमच्यावरही आहे.

आता त्या यादीतलं एकच पान बघू. मरण्याचं पान. ‘टू पास अवे – मरणे.’ ‘टू ब्रीद वन्स लास्ट – मरणे.’ ‘टू किक द बकेट – मरणे.’ तिन्हींचा अर्थ एकच, आणि अर्थ म्हणून बघितलं तर कुणी चूक म्हणणार नाही. पण हाच प्रयोग आपण मराठीवर करून बघू. समजा एखाद्या परदेशी माणसाला आपण यादी दिली: वारणे, निधन होणे, देवाज्ञा होणे, खपणे, गचकणे. सगळ्यांसमोर एकच अर्थ, मरणे. माणूस अभ्यासू आहे, पाठ करतो. मग पुण्यात त्याच्या घरमालकाचे वडील जातात. तो भेटायला येतो, हात जोडतो आणि म्हणतो, ‘तुमचे वडील गचकले हे ऐकून फार वाईट वाटलं.’ (हशा)

हसलात तुम्ही. पण त्याची चूक काय झाली? अर्थ तर बरोबर होता. ‘वारले’ कुणाबद्दल म्हणायचं आणि ‘गचकला’ कुणाबद्दल, हे तुम्हाआम्हाला कुणी यादीतून शिकवलं नाही. आजी कुणाबद्दल काय बोलते, कुठल्या आवाजात बोलते, आणि बाबा आले की कुठला शब्द बदलते, हे ऐकत ऐकत ते अंगात मुरलं. ‘किक द बकेट’ हा त्याच ‘गचकण्या’च्या घरातला आहे. थट्टेत, परक्या माणसाबद्दल, किंवा स्वतःच्याच मरणाबद्दल गमतीनं बोलताना तो चालतो. शोकपत्रात नाही. यादीनं मात्र तिघांना एकाच बाकावर बसवलं.

आमचं म्हणणं एवढंच आहे की वाक्प्रचाराला अर्थ असतो, तसा प्रसंगही असतो. कोण बोलतंय, कुणाशी, कोणत्या मूडमध्ये, कुठल्या काळात. यादी अर्थ ठेवते आणि प्रसंग कापून टाकते. मग हातात उरतं ते काय, तर एक जास्तीचा शब्दार्थ. तेवढाच हवा असेल तर ‘टू डाय’ होताच की!

गंमत बघा, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेच्या अभ्यासक्रमात इंग्रजीच्या घटकात जे लिहिलंय त्याचा आशय असा: वाक्प्रचारांचा उपयोग आणि त्यांचे अर्थ. आधी उपयोग, मग अर्थ. गाइडवाल्यांनी पहिला शब्द गाळला. त्यालाही कारण आहे. चार पर्यायांच्या प्रश्नात अर्थ विचारणं सोपं, उपयोग विचारणं अवघड. जे विचारलं जातं ते छापलं जातं, जे छापलं जातं ते पाठ होतं.

मराठीत आपल्याकडे ‘वाक्प्रचार’ला दुसराही शब्द आहे, वाक्संप्रदाय. दाते आणि कर्वे यांच्या जाडजूड कोशाच्या नावात तोच आहे. आम्हाला तो जास्त आवडतो, कारण संप्रदाय म्हटलं की माणसं येतात, त्यांची वहिवाट येते.

आता काळाकडे येऊ. मराठी माध्यमातल्या कुठल्याही मुलाला विचारा, एक इंग्रजी वाक्प्रचार सांग. दहातले आठ जण सांगतील, ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. मुसळधार पाऊस पडणे. हा आपल्याकडचा इंग्रजी वाक्प्रचारांचा गणपती आहे, पहिला मान त्याचा. जोनाथन स्विफ्ट, तोच गलिव्हरच्या प्रवासाचा लेखक, त्यानं 1738 साली एक पुस्तक काढलं. उच्चभ्रू मंडळींच्या गप्पांचं विडंबन. ही माणसं तोंड उघडलं की कशी घासून गुळगुळीत झालेली वाक्यं फेकतात, त्याची थट्टा. आणि त्या गप्पांत एका ठिकाणी हा कुत्र्यामांजरांचा पाऊस आहे! म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वी स्विफ्टला जो वाक्प्रचार झिजलेला वाटत होता, तो आम्ही 1990 च्या दशकात पोरांना ‘हा वापरलास तर इंप्रेशन पडेल’ म्हणून शिकवत होतो. आज एखादा तरुण इंग्रज तो वापरलाच तर बहुधा जरा हसत, आजोबांची नक्कल केल्यासारखा वापरेल. बाकी वेळी तो म्हणतो, ‘इट्स पोअरिंग’. संपलं.

हा पाऊस कुठून आला, याचीही एक गोष्ट शिक्षक सांगतात. पूर्वी इंग्लंडात घरांना गवताची छपरं असत, कुत्री-मांजरं ऊब मिळावी म्हणून छपरात झोपत, पाऊस आला की छप्पर निसरडं होई आणि ती खाली पडत. गोष्ट छान आहे. फक्त खोटी आहे. ती 1999 च्या सुमारास एका ई-मेलमधून जगभर पसरली. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडचं जीवन असं काहीसं त्याचं शीर्षक होतं आणि त्यात अशा डझनभर रचलेल्या कहाण्या होत्या. कौलारू किंवा गवताचं छप्पर ज्यानं पाहिलंय त्यानं जरा विचार करावा, भर पावसात कुत्रं छपराच्या वर कशाला जाऊन बसेल? या वाक्प्रचाराचा खरा उगम अभ्यासकांनाही ठामपणे सांगता आलेला नाही.

आपल्या मातीतलीही अशी एक गोष्ट आहे. ‘बाइट द बुलेट’, म्हणजे नाइलाजानं, दात-ओठ आवळून एखादी अप्रिय गोष्ट उरकून टाकणं. याचा संबंध 1857 च्या काडतुसांशी जोडतात. शिपायांना चरबी लावलेली काडतुसं दातांनी तोडावी लागत, तिथून हा आला म्हणे. ऐकायला बरं वाटतं, आपला इतिहास त्यांच्या भाषेत शिरला असं वाटतं. पण ब्रिटिश पलटणीत फटके खाताना ओरडू नये म्हणून शिपाई तोंडात गोळी धरून चावत, याची नोंद फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गृहस्थाच्या बोलभाषेच्या कोशात अठराव्या शतकाच्या अखेरीसच सापडते. म्हणजे काडतुसांच्या साठ वर्षं आधी.

तुम्ही म्हणाल, गोष्ट खोटी असली तर बिघडलं काय, लक्षात राहतं ना? हा आक्षेप आम्ही हलक्यानं घेत नाही, कारण लक्षात राहतं हे खरंच आहे. पण काय लक्षात राहतं? छप्पर. वाक्प्रचार कुणी वापरायचा, ते नाही. वर्गातली पाच मिनिटं त्या छपरावर गेली आणि आज हा वाक्प्रचार वापरला तर ऐकणाऱ्याला कसं वाटेल, हे सांगायचं राहून गेलं.

खरी पार्श्वभूमी मात्र उपयोगी पडते. इंग्रज हे दर्यावर्दी लोक, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात जहाज पदोपदी येतं. ‘नो द रोप्स’ म्हणजे कामातल्या खाचाखोचा ठाऊक असणं. शिडाच्या जहाजावर कुठला दोर कशाचा, हे नव्या खलाशाला आधी शिकावं लागे. ‘थ्री शीट्स टू द विंड’ म्हणजे दारू पिऊन झिंगलेला. इथे शीट म्हणजे चादर नाही आणि शीडही नाही. शिडाचा कोपरा ताणून धरणारा दोर, त्याला खलाशी शीट म्हणतात. असे तीन दोर सुटले की शिडं फडफडतात आणि जहाज झोकांड्या खातं. हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की वाक्प्रचारातला मिश्कीलपणाही कळतो. इस्पितळाच्या कागदावर रुग्ण ‘थ्री शीट्स टू द विंड’ होता असं कुणी लिहिणार नाही, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

क्रिकेटचं तर आपल्याला घरचंच आहे. ‘स्टिकी विकेट’ म्हणजे अडचणीची परिस्थिती. पूर्वी खेळपट्टी झाकत नसत. पावसानंतर ऊन पडलं की ती चिकट होई, चेंडू कसाही उसळे आणि फलंदाजाची भंबेरी उडे. यादीत याचा अर्थ ‘कठीण परिस्थिती’ एवढाच असतो. महाराष्ट्रातल्या पोराला दोन वाक्यांत खेळपट्टी समजावली असती तर तो हे जन्मात विसरला नसता. आणि आपण मराठीत काय करतो? ‘साहेबांनी आज त्याची विकेट काढली’, ‘पत्रकारानं गुगली टाकली’, ‘तिला बघून पठ्ठ्या क्लीन बोल्ड’. हे आपल्याला कुठल्या गाइडनं शिकवलं? कट्ट्यावर शिकलो, आणि कुठे चालतं, कुठे चालत नाही तेही तिथेच शिकलो.

इतिहासाचंही तसंच. ‘मीट वन्स वॉटर्लू’ला मराठी मुलाला अर्थ सांगायचीच गरज नाही. आपल्याकडे ‘पानिपत होणे’ आहे. 1761 आणि 1815, दोन्ही रणांगणं दोन भाषांत जाऊन बसली. तरी एक फरक आहे. नेपोलियनची हार हा इंग्रजांचा विजय होता. आपलं पानिपत हा आपलाच घाव आहे. म्हणून ‘निवडणुकीत पक्षाचं पानिपत झालं’ म्हणताना मराठी माणसाच्या आवाजात जे येतं, ते इंग्रजाच्या वॉटर्लूत नसतं.

इथून आपण समानार्थी म्हणींकडे येतो, आणि या बाबतीत आम्हाला याद्यांचा खरोखर राग येतो. ‘जॅक ऑफ ऑल ट्रेड्स’समोर ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असं बिनदिक्कत छापलेलं असतं. आपली म्हण नेहमी टोचते. ती कौतुकानं म्हणताच येत नाही. इंग्रजी वाक्प्रचार मात्र दोन्हीकडे झुकतो. घरातला नळ, दिवे, सुतारकाम सगळं जमणाऱ्या काकांबद्दल मायेनंही तो वापरतात. आता एखाद्या मुलाखतीत समोरचा म्हणाला, ‘सो यू आर अ बिट ऑफ अ जॅक ऑफ ऑल ट्रेड्स’, तर आपला मुलगा आतून खचतो. त्याच्या डोक्यात चिंध्या येतात. समोरच्यानं कदाचित शाबासकी दिलेली असते.

देश बदलला तरी अर्थ फिरतो, हेही याद्या सांगत नाहीत. ‘टेबल अ मोशन’ घ्या. ब्रिटनमध्ये याचा अर्थ प्रस्ताव चर्चेला मांडणं. अमेरिकेत बरोबर उलटा, प्रस्ताव बाजूला ठेवून देणं. आपल्या विधिमंडळाच्या बातम्यांत ‘पटलावर ठेवणे’ येतं ते ब्रिटिश वळणाचं. अमेरिकन कंपनीच्या बैठकीत बसलेल्या नाशिकच्या इंजिनिअरनं ‘लेट्स टेबल इट’ ऐकलं आणि कागद काढून मुद्दा मांडायला लागला, तर दोष त्याचा नाही.

नाशिक म्हटलं म्हणून एक सांगतो. ब्रिटिश सैन्याची नाशिकजवळ देवळालीला छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून राहत. काम नाही, ऊन, आजार, कंटाळा. काहींची डोकी फिरत. त्याला ते म्हणायला लागले ‘डूलॅली टॅप’. डूलॅली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप! पुढे टॅप गळाला आणि ‘टू गो डूलॅली’ एवढं उरलं, म्हणजे वेड लागणं. इंग्लंडमध्ये आजही हे म्हणतात, हलक्याफुलक्या बोलण्यात. आम्ही घेतलेल्या चारही पुस्तकांत ग्रीक सफरचंद आहे, सयामचा पांढरा हत्ती आहे, देवळाली कुठेच नाही. तसाच ‘हॅव अ डेको’, म्हणजे जरा बघ, हा आपल्या ‘देखो’वरून गेलेला. तोही नाही. यादी करणाऱ्यानं आजूबाजूला कधी पाहिलंच नाही, आधीच्या यादीकडे पाहिलं.

हे सगळं ऐकून वाटेल, शब्दांचे खेळ आहेत, कुणाचं काय अडतं? अडतं. आमची एक विद्यार्थिनी, तालुक्याच्या गावातून आलेली, हुशार, पहिलीच नोकरी. तिच्या परदेशातल्या वरिष्ठांनी एका कामाबद्दल लांबलचक, गोलगोल ई-मेल लिहिली. हिला नेमकं काय करायचं ते कळेना. हिनं अदबीनं, दहादा वाचून उत्तर लिहिलं आणि शेवटी घातलं, ‘प्लीज डू नॉट बीट अराउंड द बुश’. यादीत अर्थ होता, ‘मुद्द्याचे न बोलणे’. तिला म्हणायचं होतं, ‘कृपया मुद्दा स्पष्ट कराल का?’ समोर पोचलं, ‘फाफटपसारा पुरे’. मराठीत हीच मुलगी साहेबांना ‘आडवळणं घेऊ नका’ असं कधी म्हणाली असती का? जीभ उचलली नसती. दोन दिवस तिला उत्तर आलं नाही. मग तिला तिच्या इथल्या साहेबांनी बोलावून घेतलं. नोकरी राहिली, पण त्यानंतर वर्षभर ती ई-मेलमध्ये शाळेतल्या निबंधासारखी कोरडी वाक्यं लिहीत राहिली. आम्हाला हे तिनं सांगितलं तेव्हा आम्ही गप्प बसलो, कारण ती यादी तिनं आमच्याच वर्गात उतरवली होती.

आणि इथे एक अन्याय आहे, तो बोलायला हवा. शहरातल्या इंग्रजी माध्यमाचा मुलगा हे वाक्प्रचार कार्टूनमधून, मालिकांमधून, घरातल्या बोलण्यातून घेतो. त्याच्याकडे प्रसंग आयता येतो, यादीची त्याला गरजच नसते. यादी पाठ करतो तो ज्याच्याकडे दुसरं काही नाही तो. मेहनत त्यानं जास्त करायची, आणि वापरलं की हसू त्याचंच व्हायचं. ‘बर्निंग द मिडनाइट ऑइल’ म्हणणाऱ्या मुलाला हसणाऱ्यांना आम्ही पाहिलंय. त्यांनी एकही वाक्प्रचार कधी पाठ केलेला नव्हता.

मग करायचं काय? पाठांतर फेकून द्या असं आम्ही म्हणणार नाही. परीक्षा आहे, मार्क लागतात. पण दोन ढीग वेगळे करा. समजण्यासाठीचे आणि वापरण्यासाठीचे. समजण्यासाठी दोनशे काय, पाचशे असू देत. वाचनात आले की अडायला नको. वापरण्यासाठी सुरुवातीला दहा पुरेत. कुठले दहा? जे तुम्ही स्वतः, जिवंत माणसाच्या तोंडून किंवा आजच्या लेखनात, निदान तीन वेळा ऐकले-वाचले असतील ते. वहीत अर्थाशेजारी लिहा: कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, चिडून की हसत, ऑफिसात की चहाच्या टपरीवर. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे शिकणाऱ्यांसाठीचे कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्यात वाक्प्रचारापुढे बारीक अक्षरात खुणा असतात: अनौपचारिक, जुना, विनोदी, ब्रिटिश, अमेरिकन. आपली गाइडं कोशातून अर्थ घेतात आणि नेमक्या त्या खुणा सोडून देतात. तुम्ही अर्थाआधी त्या वाचा.

आणि शंका आली तर साधं बोला. ‘कुड यू प्लीज क्लॅरिफाय धिस पॉइंट?’ यात एकही वाक्प्रचार नाही आणि कुणी हसत नाही.

मागच्या वेळी प्रश्न विचारणारी मुलगी आज आली आहे, दिसतेय आम्हाला. तुझ्या दोनशेपैकी कुठले दहा निवडशील, ते पुढच्या वेळी सांग. सोबत ते कुठे ऐकलेस तेही. आता प्रश्न असतील तर घेऊ, माइक मागे द्या.